घराच्या मार्जिनचे वीस लाख आले कुठून? बँकेला काय दाखवायचे, आयकर खात्याला काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुलगा पुण्यात नोकरीला. ७२ लाखांचा रीसेलचा फ्लॅट ठरला आहे, बँक ५७ लाख ६० हजारांचे कर्ज द्यायला तयार आहे. उरलेले पैसे, म्हणजे स्वतः घालायचे मार्जिन आणि नोंदणीचा खर्च, त्याने पाच ठिकाणांहून जमवले: स्वतःची बचत साडेपाच लाख, तासगावकडे द्राक्षबाग असलेल्या वडिलांनी दिलेले रोख आठ लाख, आईचे दागिने मोडून तीन लाख, मित्राकडून हातउसने दोन लाख आणि ऑफिसातल्या भिशीचे दीड लाख. बँकेने त्याच्या स्टेटमेंटवर पेन्सिलने गोल करून विचारले आहे, की या रकमा कसल्या? त्यावर तो मला विचारतो, "पैसे आमचेच आहेत, चोरीचे नाहीत. मग सिद्ध काय करायचे?"

पैसे तुमचेच आहेत यावर माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाचे पान फाइलला लावता येत नाही. सांगली-मिरज भागात एकोणीस वर्षे आयकराची कामे करताना मी पाहिले आहे, की अडचणीत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पैसा स्वच्छ असतो. फक्त तो चुकीच्या दाराने आलेला असतो.

आधी हिशेब नीट मांडू, कारण "२० टक्के मार्जिन" ऐकून लोक साडेचौदा लाखांची तयारी करतात आणि रजिस्ट्रेशनच्या आठवड्यात धावाधाव करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरत नाहीत. म्हणजे मार्जिन १४ लाख ४० हजार, पुणे महापालिका हद्दीत पुरुष खरेदीदाराला ७ टक्क्यांनी मुद्रांक ५ लाख ४ हजार आणि नोंदणीचे ३० हजार. झाले १९ लाख ७४ हजार. घाईत उभे केलेले पैसे शेवटच्या पंधरवड्यात खात्यात येतात, आणि बँकेची पेन्सिल नेमकी तिथेच फिरते.

आता विचारणारे दोघे आहेत आणि दोघांच्या मनात वेगवेगळी शंका आहे. बँकेला धास्ती असते छुप्या कर्जाची. तुम्ही मार्जिनही कुणाकडून व्याजाने उचलले असेल, तर तुमच्या पगारावर दोन हप्ते बसणार आणि बँकेचा हप्ता थकणार. आयकर खात्याचा प्रश्न वेगळा: हे उत्पन्न कोणाचे, आणि त्याने ते कुठे दाखवले? बँकेचा अधिकारी एका पत्रावर समाधानी होऊन फाइल पुढे सरकवेल. आयकराचे पत्र मात्र दोन-तीन वर्षांनी येऊ शकते, आणि तोपर्यंत तुम्ही त्या घरात राहायला जाऊन कागदांचा खोका माळ्यावर टाकलेला असतो. दुय्यम निबंधक कार्यालयाकडून मोठ्या खरेदीची माहिती खात्याकडे जातेच. तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याच्या संकेतस्थळावरच्या वार्षिक माहितीपत्रकात, घर दिसणार हे धरूनच चाला.

(खाली दिलेले कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत, कारण आम्ही सगळे अजून त्याच आकड्यांनी बोलतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे. तिथे क्रमांक बदललेत, प्रश्न तेच आहेत. दंडाचे आकडे मात्र त्या वेळी लागू असलेल्या तरतुदीवरून तुमच्या सीएकडून ताडून घ्या.)

सगळ्यात नाजूक जागा आहे वडिलांचे आठ लाख, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या पासबुकात दीड महिन्यात ४९,००० रुपयांचा रोख भरणा सोळा वेळा आहे आणि शेवटी एकदा १६,०००. बरोबर आठ लाख. कुणीतरी सांगितले असणार, की पन्नास हजारांच्या आत भरले की पॅन मागत नाहीत. हा सल्ला गावोगाव फिरतो आणि देणारा पुढे कधी भेटत नाही. आठ लाख एकदम भरले असते तर तो एक प्रश्न झाला असता. ४९ हजार सोळा वेळा भरले की दुसरा प्रश्न उभा राहतो: लपवायचे काय होते? बँकांच्या संगणकांना असे तुकडे शोधायलाच शिकवलेले असते. संशय आला तर बँक त्याचा अहवाल केंद्राच्या एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद आर्थिक व्यवहारांची माहिती घेणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवते, आणि तसे पाठवल्याचे खातेदाराला सांगायची तिला मुभा नसते. शिवाय बचत खात्यांत वर्षभरात एकूण दहा लाख किंवा जास्त रोख भरली की ती माहिती आपोआप आयकर खात्याला जाते. तिथे तुकडे मोजत नाहीत, बेरीज मोजतात.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. वडिलांनी मुलाला दिलेली भेट कितीही मोठी असो, तिच्यावर कर नाही. हे खरे. पण भेटीला करमाफी आहे म्हणून ती रोखीने घ्यायला परवानगी आहे, असे होत नाही. कलम २६९एसटी म्हणते, की एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगानिमित्त दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. बापलेकांना त्यातून सूट नाही. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. तुमच्या बाबतीत "रोज ४९ हजारच घेतले" असे म्हणता येईल, पण समोरचा अधिकारी म्हणेल, की घरखरेदी हा एकच प्रसंग. हा वाद आहे आणि तो वाद टाळता आला असता: तुमच्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतःच्या पॅनवर स्वतःच्या खात्यात पैसे भरायचे आणि तिथून तुम्हाला एनईएफटी करायचे. त्यांच्या खात्यातल्या रोखीला त्यांचा सातबारा उत्तर देतो. तुमच्या खात्यातल्या रोखीला तुमची पगाराची स्लिप उत्तर देऊ शकत नाही.

आता झाले ते झाले. काही जण सुचवतील, की पैसे वडिलांना परत करा, त्यांनी पुन्हा पाठवावेत, म्हणजे एनईएफटीची नोंद होईल. करू नका. रोख घेतल्याची घटना त्याने पुसली जात नाही, उलट पैशाची एक गिरकी कागदावर येते आणि तिचे कारण सांगत बसावे लागते. जे घडले ते तसेच लिहा. आप्पांचे सही केलेले पत्र घ्या: मी अमुक गावचा शेतकरी, गट नंबर अमुक, गेल्या तीन हंगामांच्या द्राक्षविक्रीतून घरात साठवलेली रक्कम मुलाला घरासाठी भेट दिली, परत घ्यायची नाही. तारखा आणि रकमा पासबुकाशी तंतोतंत जुळू द्या. दंडाच्या कलमातही "पुरेसे आणि सबळ कारण" दाखवले तर दंड लागत नाही अशी तरतूद आहे. शेतकरी बाप, रोखीचा हंगाम, खऱ्या घरासाठी खरा पैसा, हे कारण ऐकले जाऊ शकते, पण कागद सोबत असतील तरच. आणि आप्पा अजून काही देणार असतील तर ते इथून पुढे त्यांच्या खात्यातूनच.

आता आप्पांनी कमावल्याचा पुरावा. सातबारा लोक सगळ्यात आधी आणून देतात आणि समजतात काम झाले. सातबारा फक्त जमीन दाखवतो. त्यावर पीक दाखवणारी नोंद हवी. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून करायची असते. ती केली नसेल तर पीकपाण्याचा रकाना कोरा असतो, आणि कोऱ्या रकान्याच्या शेतातून आठ लाख आले असे सांगताना माझीच जीभ अडखळते. त्यानंतर विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या. बेदाणा सौद्यात विकला असेल तर आडत्याची पट्टी असतेच, आणि पैसे बहुधा बँकेतूनच आलेले असतात. अडचण ताज्या मालाची. बागेवर सौदा होतो, दलाल कच्च्या चिठ्ठीवर वजन आणि दर लिहितो, रोख मोजतो आणि गाडी भरून जातो. ती चिठ्ठी फेकू नका. कच्ची असली तरी तारीख, वजन, दर आणि एखादा फोन नंबर तिच्यावर असतो. शेतकऱ्याने थेट व्यापाऱ्याला माल विकला तर दोन लाखांच्या आतल्या रोख विक्रीला अडकाठी नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्येच केला आहे, म्हणून रोख घेतली एवढ्यावरून आप्पांनी घाबरायचे कारण नाही.

खर्चाची बाजूही जोडा. औषधाच्या दुकानाची बिले, खताची बिले, पीककर्जाचा उतारा, बेदाणा ठेवला असेल तर शीतगृहाची पावती. बिनखर्चाची बाग कोणी पाहिलेली नाही. माझ्याकडे एकदा एकाने दोन एकरांत चाळीस लाख निव्वळ उरले असे लिहून आणले होते. मी त्याला विचारले, एकरी किती टन? तो गप्प. अधिकारीही हेच विचारतो, आणि या भागात बदलून आलेला अधिकारी सहा महिन्यांत एकरी टन, छाटणी, दर सगळे शिकतो. तुमच्या फाइलमध्ये हंगामवार एक पान करा: क्षेत्र, माल किती निघाला, विक्री किती, खर्च किती, घरखर्चाला किती गेले, शिल्लक किती. घरखर्च वजा करायला विसरू नका. तीन वर्षांचे सगळे उत्पन्न जसेच्या तसे घरात राहिले म्हणजे त्या घरात तीन वर्षे चूल पेटली नाही, असा अर्थ होतो.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही आणि दुसरे करपात्र उत्पन्न नसेल तर आप्पांना विवरणपत्र भरायची सक्तीही नाही. तरी ज्यांची मुले शहरात घर घ्यायच्या वयाला आली आहेत अशा बागायतदारांना मी दर वर्षी भरायला सांगतो. भरलेले विवरणपत्र त्या त्या वर्षी लिहिलेले असते. नोटीस आल्यावर लिहिलेल्या कागदाला ते वजन येत नाही.

आता आईचे दागिने. "बाईला पाचशे ग्रॅम सोने चालते" हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. ११ मे १९९४ च्या सूचनेत मंडळाने अधिकाऱ्यांना सांगितले, की छाप्यात विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नका. हा नियम जप्तीपुरता आहे. पण एवढे सोने घरात असणे स्वाभाविक आहे, असे म्हणायला त्याचा आधार मिळतो. तुमच्या आईचे सोने लग्नातले, बिल कुठून असणार? अशाच एका प्रकरणात आम्ही लग्नाच्या अल्बममधला फोटो फाइलला लावला होता. नवरीच्या गळ्यातली मोहनमाळ, हातातल्या पाटल्या, आणि शेजारी सराफाच्या खरेदी पावतीत लिहिलेले "मोहनमाळ १, पाटल्या २, वजन अमुक". पावतीत नुसते "जुने सोने" न लिहिता वस्तूंची नावे लिहून घेतली होती म्हणून तो फोटो कामी आला. तुमच्या सराफाकडून तशी पावती घ्या, आईच्या नावाने, वजन, शुद्धता आणि दरासकट. पैसे आईच्या खात्यात, तिथून तुमच्याकडे. रोख घेऊन थेट तुमच्या खात्यात भरले असतील तर आप्पांचीच गोष्ट पुन्हा.

सोने विकल्यावर नफा आईचा होतो आणि तो करपात्र आहे. दोन वर्षांहून जुने सोने म्हणजे दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के. २००१ च्या आधीचे असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. घर घेतले म्हणून या नफ्यावर कलम ५४एफची सूट मिळेल का, असे तुम्ही विचारलेत. नाही, कारण सोने आईचे आणि घर तुमचे. आईला सहमालक करून तिचे तीन लाख तिच्या हिश्शाचे दाखवले तर वेगळा विचार करता येईल, पण तो खरेदीखताच्या आधी करायचा असतो.

मित्राचे दोन लाख. बँकेतून आले हे उत्तम, कारण २० हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घेतले असते तर कलम २६९एसएस लागले असते, आणि परत करतानाही तोच दंडक. पण बँकेतून आले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. आयकर खाते तीन गोष्टी पाहते: देणारा कोण, व्यवहार खरा का, आणि त्याची ऐपत होती का. त्याच्या खात्यात आदल्या दिवशी एक लाख नव्वद हजारांचा रोख भरणा असेल, तर तुमचा कागद कितीही स्वच्छ असला तरी शंका तुमच्यावर येते. म्हणून त्याचा पॅन, त्याच्या खात्याचे ते एक पान आणि कधी परत करणार याचे चार ओळींचे पत्र घ्या. आणि याला भेट म्हणू नका, कुणीही सुचवले तरी. मित्राची भेट वर्षाला ५० हजारांवर गेली की सगळी रक्कम तुमचे उत्पन्न होते. बँकेलाही सरळ उसने म्हणून सांगा. मंजुरी दोन लाखांनी कमी झाली तर चालेल, अर्जात खोटे लिहिलेले निघाले तर कर्जच अडकते.

नात्यांची एक गंमत जाता जाता. काका, मामा, आत्या, मावशी यांनी भाच्या-पुतण्याला दिलेली भेट करमुक्त आहे. भाच्याने मामाला दिली तर नाही, कारण घेणाऱ्याच्या बाजूने नाते मोजतात आणि यादीत भाचा नाही. चुलतभाऊ, मामेभाऊ तर यादीत दोन्ही बाजूंनी नाहीत. एका ताटात जेवून मोठे झालात तरी कायद्याला ते परके.

भिशीचे फार नको. दर महिन्याला तुम्ही भरलेले हप्ते यूपीआयने गेले असतील तर तेच तुमचे उत्तर, गटाची यादी आणि तुमचा नंबर कधी लागला एवढे सोबत. तुमचा नंबर लवकर लागला असेल आणि पुढचे हप्ते द्यायचे बाकी असतील तर तेवढे तुमच्यावरचे देणे आहे, बँकेला ते तसेच सांगा. स्वतःच्या बचतीला एफडी मोडल्याची आणि फंडातून काढल्याची नोंद स्टेटमेंटमध्ये आहेच.

उत्तर देता आले नाही तर काय, हेही एकदा पाहून ठेवा. कलम ६९ आणि ६९ए खाली ती रक्कम तुमचेच उत्पन्न धरली जाते, आणि नोटबंदीनंतर २०१६ च्या दुरुस्तीने १९६१ च्या कायद्यात त्यावर ६० टक्के कर आणि त्यावर २५ टक्के अधिभार बसला. पुढे ४ टक्के झालेला उपकर धरून हिशेब होतो: शंभरातले ७८ रुपये. कुठलीही वजावट नाही. त्या दराने आप्पांच्या आठ लाखांवर सव्वासहा लाख.

फोनवर तुम्ही आणखी एक बोललात: विक्रेता पाच लाख "वरचे", म्हणजे खरेदीखतात न दाखवता रोख, मागतो आहे. देऊ नका. नीतीचा विषय बाजूला ठेवतो, व्यवहाराचेच सांगतो. पाच लाख रोख तुम्ही कुठून आणणार? खात्यातून काढले तर कशासाठी काढले हा प्रश्न, न काढता दिले तर कुठून आणले हा प्रश्न. उद्या तुम्ही हे घर विकाल तेव्हा ते पाच लाख खरेदी किमतीत धरता येणार नाहीत, म्हणजे त्याच्या नफ्याचा कर तुम्ही भरणार. रेडी रेकनरची (सरकारी मूल्यदराची) किंमत खरेदीखतातल्या किमतीहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त भरली तर तो फरक तुमच्या उत्पन्नात येतो, हे आणखी. विसारही चेकनेच द्या. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. विक्रेत्याला हे वाक्य शांतपणे ऐकवा, बऱ्याचदा "वरचे" तिथेच थांबते. आणि ७२ लाख म्हणजे पन्नास लाखांवर, तेव्हा त्याला पैसे देताना १ टक्का, ७२ हजार, कापून टीडीएस म्हणून आयकर खात्याकडे भरायचे आहेत (१९६१ च्या कायद्यात त्यासाठी २६क्यूबी हा फॉर्म होता). विक्रेता अनिवासी असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो, आधी विचारून घ्या.

उद्या बँकेला द्यायचे पत्र एक पानाचे करा. पाच रकमा, पाच तारखा, प्रत्येकीपुढे देणाऱ्याचे नाव, नाते, पॅन आणि सोबत जोडलेल्या कागदाचा क्रमांक. स्पष्टीकरणाचे परिच्छेद लिहू नका, अधिकारी वाचत नाही. एक प्रत सगळ्या जोडण्यांसह स्वतःकडे ठेवा, निदान सात वर्षे, माळ्यावर नको. आणि आप्पांच्या पत्रावर आप्पांनाच सही करू द्या. परवा असे एक पत्र माझ्याकडे आले, सही वळणदार आणि एका दमात केलेली. वडिलांच्या पॅनकार्डावर मात्र थरथरत्या हाताने सुटी सुटी काढलेली चार अक्षरे होती. मी ते पत्र परत पाठवले. मुलगा रविवारी गावी जाऊन सही घेऊन आला, आणि येताना आडत्याच्या दोन पट्ट्याही सापडल्या, देव्हाऱ्याखालच्या फडताळात.